पोरगा नसल्याचा दाखला

"ही माझी आई नाही," तो म्हणाला.

पंख्याचा आवाज मोठा होता आणि साहेब फाइल चाळत होता. त्याला नीट ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणून त्यानं मान वर केली. मग पोराला तेच पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्या वेळी तो मोठ्यानं म्हणाला. दाराबाहेर बाकावर नंबरची वाट बघत बसलेली माणसं आत डोकावली.

मी त्याच्याच बाजूच्या खुर्चीवर होते. ते वाक्य मीच त्याला सांगितलं होतं, सकाळी तहसीलला येताना बसमध्ये. आमच्या गावाहून, बपेऱ्याहून, निघाल्यापासून तो खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "साहेबानं विचारलं का सरळ सांगायचं. अडखळला का त्याले शंका येते."

"मले जमणार नाही, माय."

"मंग बुढ्याले तुह्या दुसऱ्या माळ्यावर ने."

त्यानं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. मी हे मुद्दाम बोलले. दुसऱ्या माळ्यावर काय झालं होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं.

माझ्या नवऱ्याला त्याआधी दोन वर्षं लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पोरगा जवाहरनगरला फॅक्टरीत कायम नोकरीवर आहे. तो आम्हाला क्वार्टरवर घेऊन गेला. दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. तो, त्याची बायको, शाळेत जाणारी दोन पोरं, मी, आणि समोरच्या खोलीत पलंगावर बुढा. बुढ्याला शब्द येत नव्हते पण आवाज येत होता. तो दिवसभर ओरडायचा. शेजारचे आधी विचारपूस करायला आले, नंतर तक्रार करायला. सुनेनं आठ महिने त्याचं गू-मूत काढलं. ती वाईट बाई नाही. पण एक दिवस भांडी घासता घासता ती मोरीतच बसली आणि तासभर उठली नाही. पाणी वाहत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी पोराला म्हटलं, आम्हाला गावी सोड. त्यानं फॅक्टरीतली दोन माणसं बोलावली, बुढ्याला खुर्चीला बांधलं आणि जिन्यानं खाली आणलं.

गावी वर्षभर मी एकटीनं त्याला सांभाळलं. मी जन्मभर धानाची पोती उचलली आहेत. माणूस उचलणं वेगळं. पोत्याला धरायला कोपरे असतात, माणसाला नसतात. भादव्यात एका सकाळी त्याला कुशीवर वळवताना माझा पाय ओल्या जमिनीवर सरकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर केलं, काढलं, पण हाड वाकडं बसलं. एका हातानं त्याला वळवता येईना. शेजारपाजारचे येत, पण ज्याला त्याला आपलं शेत होतं. बुढा एकाच अंगावर पडून राहायला लागला आणि पाठीला जखमा झाल्या. पहिली रुपयाएवढी होती. दुसरी तळहाताएवढी झाली आणि तिला वास यायला लागला. पट्टी करायला येणारी नर्सबाई स्पष्ट बोलणारी होती. ती म्हणाली, "आजी, याले दिवसातून आठ-दहा वेळा वळवणारी माणसं पाहिजे. असंच राहिलं त बाबा होळी पाहत नाही."

भंडाऱ्याच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे. तिथे खाटेवरच्या माणसांसाठी वेगळी खोली आहे, नर्स आहे, उचलायला दोन गडी आहेत. हे नर्सबाईनंच सांगितलं. पोरगा मला तिथे घेऊन गेला. तिथली व्यवस्थापक बाई चांगली होती. तिनं आधी चहा दिला, मग नियम सांगितला. ज्याला कोणी नाही त्याचा खर्च सरकार देतं. ज्याला कमावतं मूल आहे त्याचा खर्च सरकार देत नाही, तो मुलानं भरायचा.

पोरानं दोघांचा खर्च विचारला. तिनं आकडा सांगितला. त्यानं पुन्हा विचारला, फक्त बाबांचा. मग त्यानं काही विचारलं नाही.

मी म्हटलं, "बाई, मले मूल नाही."

बाईनं त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघत होता.

हे खरं होतं. मला मूल झालं नाही. लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा माझ्या धाकट्या दिराची बायको बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. ते पोर माझ्याकडे आलं. दिरानं दुसरं लग्न केलं, तो नदीपलीकडे मध्य प्रदेशात राहायला गेला आणि तिकडेच मेला. पोराला बघायला तो दोनदा आला असेल.

आमच्यात तेव्हा पोर नसलेल्या बाईला लग्नात हळद लावायला बोलवत नव्हते. रोवणीच्या पहिल्या दिवशी पहिलं रोप तिच्या हातून लावून घेत नव्हते. तोंडावर कोणी काही म्हणत नसे, फक्त दुसऱ्या बाईला हाक मारत. सात वर्षं मी ते बघितलं. पोर हाती आल्यावर कोणी विचारलं, लेकरं किती, तर मी "एक पोरगा" असं सांगायला लागले. गावानंही ते मानून घेतलं. मला हळदीला बोलावणं यायला लागलं. पोराला शाळेत घालताना मास्तरांनी बापाचं नाव विचारलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं आपलं सांगितलं. पोराला स्वतःला दहावीत असताना बाहेरून कळलं. त्यानं मला विचारलं, मी हो म्हटलं. पुढे तो विषय निघाला नाही.

मग जनगणनेवाला आला, रेशन कार्डवाला आला, घरकुलाची यादी करणारा आला. सरकारचा जो माणूस दारात आला त्याला मी एक पोरगा लिहायला लावला. चाळीस वर्षांत एकानंही पुरावा मागितला नाही. आता पोरगा नाही म्हटलं तर पुरावा लागत होता.

आम्हा दोघांचा मिळून तहसीलला एक अर्ज केला. चौकशीला तलाठी गावात आला. जवान होता, घाईत होता. आमच्याच अंगणात खाटेवर बसला आणि पंच म्हणून गावातली चार जुनी माणसं आणि शेजारची बुढी यांना बोलावलं. ही शेजारीण माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिची भिंत आणि माझी भिंत एकच.

मी कोणाला आधी काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच आहे, त्यात सांगायचं काय, असं मला वाटलं. ती माझी चूक.

तलाठ्यानं विचारलं, "या आजींना मूलबाळ?"

"हाय ना जी," सगळ्यात म्हातारा पंच म्हणाला. "फॅक्टरीत हाय. मोठा गुणाचा पोरगा."

"स्वतःचा?"

"स्वतःचा नाही त मंग कोनाचा? आमच्या डोळ्यासमोर झाला."

मी घरातून ओरडले, "नाही झाला!"

"तू गप वं," तो मला म्हणाला. मग तलाठ्याकडे वळून हळूच, पण मला ऐकू येईल असं, "बुढ्याच्या दुखण्यानं बुढीचं डोकं ठिकाणावर नाही, साहेब. मनावर घेऊ नका."

तलाठ्यानं शेजारणीकडे बघितलं. ती तर विचारल्यापेक्षा जास्त खोटं बोलली. "नऊ महिने पोटात वागवला तिनं. शेवटच्या महिन्यात पाय सुजले होते तिचे. मी चेपून देत होती."

तलाठ्यानं लिहून घेतलं. चौघांनी सह्या केल्या, तिनं अंगठा दिला. सगळे उठले तेव्हा त्यांच्या तोंडावर काम नीट केल्याचं समाधान होतं. म्हातारा पंच जाताना माझ्याजवळ थांबला. "काळजी नोको करू. तुह्यी इज्जत राखली आम्ही."

"ते इज्जत आता बुढ्याच्या पाठीले लावू का?" मी म्हटलं.

त्याला समजलं नाही. दुखण्यानं डोकं गेलं, हे त्याला आणखी पटलं असेल.

पंधरा दिवसांनी कागद आला. मी चौथी शिकले आहे. वेळ लागतो, पण वाचते. अर्जदारास कमावता मुलगा असल्याने अर्ज नामंजूर, असं लिहिलं होतं. तोवर मोठ्या जखमेत नर्सबाईचं बोट जाईल एवढा खड्डा झाला होता. पट्टी बदलताना बुढा ओरडत नव्हता. तिनं सांगितलं, ओरडत नाही हे चांगलं नाही.

मी तो कागद घेऊन शेजारणीकडे गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"तुले पुन्हा साक्ष द्या लागते," मी म्हटलं. "खरी."

"आता कायले उकरून राहिली वं? चाळीस वर्षं तोंड शिवून बसलो आम्ही."

"आता उसवा."

"लोक काय म्हणतीन?"

"लोक काल-परवापासून नाकाले पदर लावून माह्या घरावरून जाऊन राहिले. ते काय म्हणून राहिले ते मले माहीत आहे."

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "काय सांगू मी साहेबाले?"

"तुह्या बकरीचं दूध पिऊन पोरगा वाढला, तेवढंच सांग."

"मंग बकरीलेच ने तहसीलात."

"बकरी मेली. तू आहे."

ती हसली. मी हसले नाही, पण ती येणार हे मला कळलं.

पोर तीन दिवसांचं होतं तेव्हा तिची बकरी नुकतीच व्याली होती. कापसाची वात दुधात बुडवून मी त्याच्या तोंडात धरायची. बकरी दोन महिने आमच्याच अंगणात बांधलेली होती. या गोष्टीचा कागद कुठेच नव्हता. पण एक कागद निघाला. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्माच्या रजिस्टरात त्याची नोंद सापडली. ती दिरानं केली होती, पोर माझ्याकडे यायच्या आधी. बापाच्या जागी दिराचं नाव, आईच्या जागी त्याच्या मेलेल्या बायकोचं. पोरानं ती नक्कल पहिल्यांदा बघितली तेव्हा आईचं नाव दोनदा वाचलं. मी तिथेच उभी होते. त्यानं विचारलं, "कशी होती?" मी म्हटलं, "तुह्यासारखी काळी. कामाले चांगली होती." यापेक्षा जास्त मला आठवत नव्हतं.

फॅक्टरीच्या दवाखान्याच्या कार्डावर त्यानं आम्हा दोघांची नावं आई-बाप म्हणून लावली होती. फेरअर्ज करायच्या आधी त्यानं ती काढून टाकली. तिथे कारण काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

तर त्या दिवशी बुढ्याजवळ शेजारणीच्या सुनेला बसवलं आणि आम्ही तिघं तहसीलला गेलो. शेजारीण बाहेर बाकावर बसली. मी आणि पोरगा आत. त्यानं ते वाक्य दोनदा म्हटलं, आणि साहेबानं फाइल बंद केली, चष्मा काढला.

"मग या तुमच्या कोण?"

"मोठी माय. बापाच्या मोठ्या भावाची बायको."

"शाळेच्या दाखल्यावर बापाच्या जागी यांच्या नवऱ्याचं नाव आहे."

"वाढवलं त्यांनी."

"दत्तकपत्र केलं होतं का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही केलं, साहेब."

"का नाही केलं? सोपं असतं."

ते सोपं होतं, मला माहीत होतं. एका नात्यातल्या माणसानं तेव्हा सांगितलंही होतं. पण दत्तकपत्र करायचं तर तो माझा नाही हे आधी लिहावं लागलं असतं, चार लोकांसमोर. तेच मला नको होतं. साहेबाला एवढं सगळं सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "अडाणी होतो."

साहेबानं तलाठ्याचा जुना पंचनामा वर काढला. "यात तर लिहिलं आहे, नऊ महिने पोटात वागवला, पाय सुजले होते."

"ते खोटं आहे."

"मग दूध कोणी पाजलं?"

हे त्यानं कामासाठी विचारलं का असंच विचारलं, कोणास ठाऊक.

"बकरीनं," मी म्हटलं.

बाहेर कोणीतरी हसलं. आणि बाकावरून शेजारणीचा आवाज आला, "माह्या बकरीनं, साहेब! कबरी होती!"

तिला आत बोलावलं. तिनं सगळं सांगितलं, विचारलं नाही तेही. बकरी केवढ्याला घेतली होती तेही. आधी खोटं काहून बोलली, असं साहेबानं विचारल्यावर म्हणाली, "बाईची बाजू घ्या लागते ना जी. तवा अशी घेतली, आता अशी घेऊन राहिली."

साहेबानं लिहून घेतलं. मग मला विचारलं, "आजी, तुम्हाला मूल नाही. बरोबर?"

"नाही."

"कधीच झालं नाही?"

"नाही."

परक्या माणसासमोर हे मी पहिल्यांदा म्हणत होते. काही झालं नाही. पंखा फिरत होता. साहेबानं कागद पुढे सरकवला. मला सही येते, पण मनगट वाकडं असल्यामुळे पेन धरता येईना, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला. पोराचं निवेदन चार ओळींचं होतं. त्यानं ते वाचलं नाही. सही केली, ती इतकी दाबून की खालच्या कागदावर उमटली.

बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. पोरानं माझा कप आणून दिला आणि म्हणाला, "माय, गरम आहे."

शेजारीण लगेच म्हणाली, "हळू बोल बे. साहेब खिडकीतच हाय."

त्यानं खरंच वळून खिडकीकडे बघितलं. मग त्यानं आपला चहा अर्धा ठेवला आणि बस बघायला निघून गेला.

मंजुरी यायला दीड महिना लागला. पौषात बुढ्याला गाडीत झोपवून आश्रमात नेलं. शहापूरजवळ रस्त्यात तो डोळे उघडून गाडीच्या टपाकडे बघत होता. कुठे नेत आहेत ते त्याला समजलं की नाही, सांगता येत नाही. आश्रमातल्या दोन गड्यांनी त्याला चादरीसकट असं उचललं की मला वाटलं, वर्षभर मी उगीच झोंबत होते. दर दोन तासांनी त्याला वळवायचे, भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावर खूण करायचे. लहान जखम महिन्याभरात सुकली. मोठीचा वास गेला, पण ती भरली नाही. तरी तो पुन्हा ओरडायला लागला. त्या खोलीतल्या बाकीच्या माणसांना त्रास झाला, पण मला बरं वाटलं. मला बायकांच्या बाजूला खाट मिळाली. मधे एक पडवी. मी रोज तिकडे जाऊन त्याला भात भरवायची.

त्यानं होळी पाहिली. म्हणजे होळीच्या दिवशी तो जिवंत होता. नर्सबाईला मी फोनवर तसं कळवलं. चैत्रात, जेवणाच्या वेळी, तोंडात घास असताना गेला.

पोरगा दुपारी आला. सून आली, दोन्ही पोरं आली. प्रेत ताब्यात द्यायच्या आधी आश्रमाच्या रजिस्टरात लिहावं लागतं. नाव, पत्ता, मयताशी नातं. व्यवस्थापक बाईनं रजिस्टर पुढे केलं आणि ती दुसरीकडे बघत उभी राहिली. पोरानं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"काय लिहू?" त्यानं मला विचारलं.

"पुतण्या लिही. पुतण्यालेही आग देता येते."

त्यानं लिहिलं. आग त्यानंच दिली. नंतर डोक्यावरचे केसही काढले. फॅक्टरीत आठ दिवस टोपी घालून गेला, असं सून सांगत होती.

मी आश्रमातच राहिले. मंजुरी दोघांची होती, त्यातली माझी चालू आहे. दरवर्षी एक कागद भरून द्यावा लागतो की परिस्थितीत बदल नाही. मनगट तसंच आहे. पोरगा महिन्यातल्या एका रविवारी येतो. फाटकावरच्या वहीत पुतण्या लिहितो, आत येऊन माय म्हणतो. सून लाखोळीच्या डाळीची भाजी डब्यात देते, ती मला खारट लागते, तरी खाते. गावातून कोणी भेटायला येत नाही. शेजारीण एकदा आली होती, माझी खाट दाबून बघितली आणि म्हणाली, "चांगली हाय वं. मले बी कोनी नाही म्हणून सांगू का?" तिला चार पोरं होती. ती त्याच वर्षी पावसाळ्यात गेली, आपल्या घरात, चौघांच्या समोर.

बुढा गेला. शेजारीण गेली. पोरगा आणि मी आहोत.